अध्याहार व दीपक

वाक्यात एकदा आलेले पद पुन्हा न उच्चारता त्याचा अन्वय अनेक ठिकाणी लावण्याच्या रीतीचा विचार भारतीय परंपरेत व्याकरण, मीमांसा आणि काव्यशास्त्र या तिन्ही शास्त्रांनी आपापल्या प्रयोजनानुसार केला आहे. अर्थासाठी गृहीत धरलेल्या पदाला मराठी व्याकरणात सरसकट ‘अध्याहृत’ म्हणतात. मीमांसकांनी मात्र येथे एक मोलाचा भेद केला. शेजारच्या वाक्यात प्रत्यक्ष आलेले पद ओढून घेतले तर तो ‘अनुषंग’, आणि ते कोठेच आलेले नसून अर्थपूर्तीसाठी बाहेरून आणावे लागले तर तो ‘अध्याहार’. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या म्हणीतली दोन्ही क्रियापदे ऐकणाऱ्याने पुरवायची असतात, म्हणून तेथे अध्याहार आहे. पुनरुक्ती टळते ती अनुषंगाने.

पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त हेच तत्त्व ‘अनुवृत्ती’ या नावाने ग्रंथरचनेचा कणा बनले आहे. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ७७वे सूत्र इ, उ, ऋ, लृ यांच्या जागी, पुढे स्वर आला असता, य, व, र, ल सांगते. ७८वे सूत्र ए, ओ, ऐ, औ यांचे आदेश सांगताना ‘पुढे स्वर आला असता’ ही अट पुन्हा देत नाही, कारण ती वरून चालत येते. सुमारे चार हजार सूत्रांचा हा ग्रंथ इतका आटोपशीर राहिला, याचे मोठे श्रेय या योजनेला द्यावे लागते.

काव्यशास्त्रात या रीतीवर ‘दीपक’ अलंकार उभा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील चार अलंकारांत उपमा, रूपक व यमक यांच्या बरोबरीने तो येतो. ‘तळे कमळांनी शोभते, रात्र चांदण्याने आणि विद्वत्ता विनयाने’ या वाक्यात विद्वत्ता हा प्रस्तुत, म्हणजे वर्ण्य, विषय असून तळे व रात्र अप्रस्तुत आहेत, आणि एकाच ठिकाणी ठेवलेला दिवा भोवतालच्या वस्तू उजळतो तसे एकच क्रियापद तिन्हींना अर्थ देते. सगळेच विषय प्रस्तुत किंवा सगळेच अप्रस्तुत असतील, तर मम्मट व त्यानंतरचे आलंकारिक त्याला दीपक न म्हणता ‘तुल्ययोगिता’ म्हणतात. सामायिक पद आरंभी, मध्ये किंवा शेवटी येते, त्यावरून भामह व दंडी यांनी आदि, मध्य व अंत्य असे दीपकाचे भेद केले. ग्रीक-लॅटिन वक्तृत्वशास्त्रातील ‘झ्यूग्मा’चेही स्थानावरून असेच तीन प्रकार मानले गेले, हे साम्य लक्षणीय आहे.

मराठीत क्रियापद लिंगवचनानुसार बदलत असल्यामुळे या लोपाला एक वेगळीच खोली येते. ‘आईने भाकरी खाल्ली आणि बाबांनी भात’ या वाक्यात उच्चारलेले रूप ‘खाल्ली’ असले, तरी ऐकणारा दुसरीकडे बिनचूक ‘खाल्ला’ असेच समजतो. म्हणजे गाळला जातो तो धातू व काळ, विशिष्ट रूप नव्हे. हेच वाक्य ‘आईने भाकरी आणि बाबांनी भात खाल्ला’ असेही होते, आणि तेव्हा क्रियापद जवळच्या कर्माशी जुळते. लोप पुढच्या वाक्यांशात होतो की मागच्या, याचा भाषेच्या पदक्रमाशी असलेला संबंध जॉन रॉबर्ट रॉस यांनी १९७० साली मांडला. इंग्रजीत असे क्रियापद पुढच्या अंशातून गळते, जपानीत आधीच्या, तर मराठीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘त्याने आधी शपथ खाल्ली, मग मार’ अशा वाक्यात तर एकाच ‘खाणे’चे दोन निराळे लाक्षणिक अर्थ लागतात, आणि विनोदी लेखनाला हा प्रकार विशेष मानवतो.