‘अप-डाऊन’चे अर्थकारण : सोलापूर–तुळजापूर मार्ग आणि काटकसरीच्या मोटारीचा इतिहास

प्रस्तावना :

तुळजापूर येथील कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर सकाळी अकराच्या सुमारास नजर टाकली, तर ‘एमएच 25’ या जिल्ह्याच्या पाट्यांच्या बरोबरीने ‘एमएच 13’ या सोलापूरच्या पाट्या दिसतात. यातील बहुतेक मोटारी छोट्या, पांढऱ्या किंवा करड्या रंगाच्या असून, त्यांच्या मालकांना ‘अप-डाऊनवाले’ या नावाने ओळखले जाते. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे 45 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 90 किलोमीटर होय. वर्षाचे कामाचे दिवस 240 धरले, तर ही धाव 21,600 किलोमीटरवर जाते. प्राध्यापकाच्या वेतनातील मोठा भाग या रस्त्यावर खर्च होतो; परंतु आपल्या संशोधनात या खर्चाला क्वचितच स्थान मिळते. स्टाफरूममध्ये मात्र ‘तुमची गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न वेतन आयोगाच्या खालोखाल चर्चिला जातो.

प्रस्तुत लेखात ‘परवडणारी मोटार’ या कल्पनेचा अर्थ गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत कसा बदलत गेला, याचा मागोवा या एका रस्त्याच्या संदर्भात घेतला आहे. प्रस्तुत लेखक स्वतः या मार्गाचा नित्याचा प्रवासी असल्याने विवेचनात अनुभवाचा अंश येणे अपरिहार्य आहे. येथील हिशोब ढोबळ असून ते तत्त्व स्पष्ट करण्यापुरते आहेत, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

सरहद्दीचा रस्ता :

सोलापुरात रेल्वे 1860 साली आली. तुळजापूर मात्र बालाघाटाच्या कडेवर, घाट चढून गेल्यावर लागणारे गाव. तेथे रेल्वे आली नाही. शिवाय 1948 पर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देवीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरचा भाविक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. संस्थानाची जकात, म्हणजे करोडगिरी, वेगळी होती आणि वाहतूक व्यवस्थाही वेगळी होती. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली, तर मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडूनच नळदुर्गच्या दिशेने शिरली. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ही सरहद्द पुसली गेली.

तथापि, एका अर्थाने ती आजही शिल्लक आहे. तुळजापूरची महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर सोलापूरला 2004 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. घर एका विद्यापीठाच्या क्षेत्रात आणि नोकरी दुसऱ्या विद्यापीठाच्या, अशी अप-डाऊनवाल्याची स्थिती असते. मुलांची शाळा, पती वा पत्नीची नोकरी, आई-वडिलांचे दवाखाने ही सर्व कारणे सोलापूरकडे ओढतात. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर कितीही कडक असली, तरी या ओढीपुढे ती टिकलेली नाही, असे निरीक्षण नोंदवावेसे वाटते.

परवान्याच्या काळातील मोटार :

या प्रदेशाचा मोटारीशी असलेला संबंध केवळ ग्राहकाचा नाही. भारतीय मोटार उद्योगाच्या उभारणीतील एक प्रमुख नाव, वालचंद हिराचंद, यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. त्यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून 1947 मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. पुढे फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे छोट्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि 1970 च्या दशकात त्याच घराण्यातील मोटारीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. 1,089 सीसी इंजिनाची ही मोटार डॉक्टर, वकील आणि अडत व्यापारी यांच्या दारात उभी असे. प्राध्यापकाच्या दारात ती क्वचितच होती.

याचे कारण केवळ वेतन हे नव्हते. नियोजनाच्या दृष्टीने खाजगी मोटार ही चैनीची वस्तू होती. पोलाद, परकीय चलन आणि उत्पादनक्षमता यांवर परवान्यांचे नियंत्रण होते. नोंदणीची अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सरकारने 1969 मध्ये मोटारींच्या किमतींवर नियंत्रण आणणारा आदेश काढला, त्यावर उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ‘मोटारीची वाजवी किंमत कोणती’ हा प्रश्न 1971 मध्ये न्यायालयाला हाताळावा लागला. तत्पूर्वी, 1960 च्या सुमारास एल. के. झा समितीने कमी किमतीच्या मोटारीचा विचार केला होता. या सर्व चर्चेत ‘स्वस्त’ याचा अर्थ ‘खरेदीस स्वस्त’ एवढाच होता. मोटार रोज किती धावेल, त्या धावेला किती इंधन लागेल, हा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे प्रामुख्याने नव्हता. कारण मोटारीने रोज नोकरीला जाणारा मध्यमवर्ग त्यांनी कल्पिलाच नव्हता.

त्या काळचा नोकरदार एस.टी.ने जाई. वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास देणारा मासिक पास हे त्याचे खरे वाहन होते. गाडी चुकली, तर वडाप. ज्यांना तेवढेही जमेना, ते स्कूटरकडे वळले. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून 1972 मध्ये आलेली ‘चेतक’ आणि 1985 मध्ये आलेली हिरो होंडाची ‘सीडी 100’ यांचा या दृष्टीने स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द मराठी घराघरांत दुचाकीनेच रुजवला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मारुती ते इंडिका :

संजय गांधी यांचा मूळ प्रकल्प बुडाल्यानंतर 1981 मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, 1982 मध्ये सुझुकीशी करार झाला आणि 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती आली. 796 सीसीचे इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन यांमुळे मोटारीच्या इंधनखर्चाची चर्चा प्रथमच पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. मराठी बोलीत ‘मारुती घेतली’ म्हणजे ‘छोटी मोटार घेतली’ असा अर्थ काही वर्षे रूढ झाला होता, यावरून या बदलाची व्याप्ती ध्यानात यावी. तरीही ग्रामीण महाविद्यालयाच्या अध्यापकापर्यंत मोटार पोहोचण्यास पाचवा वेतन आयोग, पगारदार पतसंस्था आणि बँकांचे वाहनकर्ज यांची वाट पाहावी लागली.

डिसेंबर 1998 मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्यातून आलेली ‘इंडिका’ हा पुढचा टप्पा होय. ऑस्ट्रेलियातील निसान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री उचलून आणून पिंपरीत ती उभी करण्यात आली होती. इंडिकाचे वेगळेपण तिच्या 1,405 सीसी डिझेल इंजिनात होते. शेती व मालवाहतुकीसाठी स्वस्त ठेवलेले डिझेल आता छोट्या खाजगी मोटारीच्या टाकीत जाऊ लागले. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 मध्ये. या मधल्या चार वर्षांत दोन इंधनांमधील दरी रुंदावली. मे 2012 मध्ये पेट्रोल एकाच वेळी सुमारे साडेसात रुपयांनी महागले, त्या सुमारास डिझेल मोटारींवर ग्राहकांची उडी पडली.

ही उडी शहाणपणाची होती काय? त्या वेळचे दर ढोबळमानाने पेट्रोल 75 व डिझेल 45 रुपये धरू. लिटरला 16 किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार किलोमीटरला सुमारे 4.70 रुपये घेई, तर 20 किलोमीटर धावणारी डिझेल मोटार 2.25 रुपये. फरक 2.45 रुपयांचा. वर्षाला 21,600 किलोमीटर धावणाऱ्यास सुमारे 53,000 रुपये वाचत आणि डिझेल मोटारीसाठी जास्तीचा एक लाख दिला असला, तरी तो दोन वर्षांत फिटे. याउलट गावातल्या गावात वर्षाला 5,000 किलोमीटर फिरणाऱ्यास तो फिटण्यास आठ वर्षे लागत. अप-डाऊनवाल्याचा निर्णय योग्य होता. त्याचे पाहून डिझेल मोटार घेणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याचा नव्हता. अनुकरणाने मोटार घेण्याची आपली प्रवृत्ती पाहता हा भेद महत्त्वाचा आहे. पुढे दरातील अंतर घटले आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 निकष लागू झाल्यावर छोट्या मोटारींतून डिझेल इंजिन जवळपास हद्दपार झाले. 2009 मध्ये आलेली आणि 2018 पर्यंत टिकलेली ‘नॅनो’ ही या इतिहासातील आडवाट होय; खरेदीची किंमत हाच स्वस्ताईचा निकष मानण्याची जुनी कल्पना तिच्यात पुन्हा अवतरली होती.

अ‍ॅव्हरेजचा भ्रम :

अ‍ॅव्हरेजच्या आकड्यात एक गणिती फसगत दडलेली आहे. लिटरला 15 किलोमीटर देणारी मोटार वर्षाच्या 21,600 किलोमीटरला 1,440 लिटर इंधन घेते. 20 देणारी 1,080 लिटर. 25 देणारी 864 लिटर. म्हणजे 15 वरून 20 वर जाण्यात 360 लिटर वाचतात, पण 20 वरून 25 वर जाण्यात 216 लिटरच. वाढ दोन्हीकडे पाचचीच दिसते. जुनी, इंधन खाणारी मोटार बदलणे लाभदायक. परंतु बऱ्यापैकी चालणारी मोटार आणखी चार-पाच किलोमीटरच्या आशेने विकून नवा हप्ता अंगावर घेणे बहुधा तोट्याचेच ठरते. प्रस्तुत लेखकाने ही चूक एकदा केली आहे.

शिवाय माहितीपत्रकातील आकडा घाटात टिकत नाही. सोलापूरहून येताना चढ आहे, परतीला उतार. त्यामुळे एका दिशेचे मोजमाप निरर्थक ठरते. टाकी काठोकाठ भरून, दोन्ही फेऱ्या धरून, पुन्हा भरेपर्यंतचे अंतर मोजणे हीच विश्वसनीय पद्धत होय. चारपदरी मार्गाचे लोकार्पण जानेवारी 2019 मध्ये झाले. वेळ वाचला, पण वाढलेल्या वेगामुळे हवेचा रोध वाढून इंधन अधिक जाऊ लागले. त्यात 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने अशा मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. धाराशिव व सोलापूर हे दोन्ही उसाचे जिल्हे असल्याने, एका अर्थी आपण आपल्याच भागातील ऊस जाळत जातो, असे गमतीने म्हणता येईल.

तामलवाडीचा टोलनाका हा दुसरा विसरला जाणारा खर्च. 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास उपलब्ध झाला. रोज दोनदा नाका ओलांडणाऱ्याचा हा ‘वार्षिक’ पास 100 दिवसांतच संपतो. 240 दिवसांना 480 फेऱ्या, म्हणजे 2025 च्या त्या दराने सरासरी 7,200 रुपये होत.

वजन कमी म्हणजे इंधन कमी, या सूत्राची दुसरी बाजूही आहे. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी 64 किलोमीटर वेगाने घेतलेल्या धडक-चाचणीत भारतात लोकप्रिय असलेल्या पाच छोट्या मोटारींच्या मूळ आवृत्त्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत एकही तारा मिळाला नाही. ऊसतोडीच्या हंगामात अंधार पडल्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्यास हा निष्कर्ष निव्वळ तांत्रिक वाटणार नाही. एअरबॅगची सक्ती पुढे आली. परंतु ज्या मोटारी आपण ‘सेकंड हँड’ म्हणून आजही शोधतो, त्यातील बऱ्याच त्यापूर्वीच्या आहेत. पाच वर्षांत वाचणाऱ्या इंधनापोटी ही जोखीम घ्यावी काय, याचा विचार घरच्यांना बरोबर घेऊन व्हावा.

वाटून घेतलेली मोटार :

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. महामारीने आधीच विस्कटलेली बसची सवय या काळात अनेकांची कायमची सुटली. संपातील मागण्यांचा विचार येथे कर्तव्य नाही. परंतु प्रवासाच्या इतिहासात हा कालखंड महत्त्वाचा ठरेल. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.च्या भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळाल्यावर मात्र काही अध्यापिका बसकडे परतल्या. एकाच घरातील ‘साहेब मोटारीने आणि बाई बसने’ हे चित्र त्यामुळे दिसू लागले असून, ते सवलतीचे आहे की घरातील मोटारीवर हक्क कोणाचा याचे आहे, हे तपासण्याजोगे आहे.

हिशोबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी बचत तंत्रज्ञानात सापडत नाही. लिटरला 20 किलोमीटर आणि पेट्रोल सोयीसाठी 100 रुपये धरल्यास दिवसाला साडेचार लिटर, म्हणजे 450 रुपये लागतात. 25 देणारी मोटार घेतली, तर रोज 90 रुपये वाचतात. जुन्याच मोटारीत एक सहकारी बरोबर घेतला, तर प्रत्येकाचे 225 वाचतात. चौघे बसले, तर प्रत्येकाचा खर्च 112 रुपयांवर येतो. सीएनजी वा विद्युत मोटारीने किलोमीटरचा खर्च खाली येतो हे खरे, आणि 90 किलोमीटरची रोजची धाव आजच्या छोट्या विद्युत मोटारीच्या आवाक्यात आहे. पण सोलापुरातील अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यास चार्जिंगची जागा कोण देणार, हा प्रश्न त्या मोटारीच्या किमतीआधी येतो.

असे असूनही चौघांचा गट फार काळ टिकत नाही. एकाचा तास साडेसातला असतो, दुसऱ्याचा साडेअकराला. वेळापत्रक समितीला या गोष्टीशी कर्तव्य नसते. परीक्षेच्या काळात गट मोडतो, कोजागरीला भाविक सोलापूरहून पायी निघाल्यावर वाहनांना वळसा पडतो आणि त्या आठवड्यात कोण कोणाच्या मोटारीत हे सारे नव्याने ठरते. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे काम चालू आहे. त्यावरून सकाळी पहिल्या तासाआधी पोहोचविणारी आणि शेवटच्या तासानंतर परत नेणारी गाडी मिळणार काय, याची चौकशी आमच्या स्टाफरूममध्ये आतापासूनच सुरू झाली आहे. नव्या मोटारीचे कर्ज घेऊ पाहणाऱ्या दोघांनी त्यासाठी आपला अर्ज तूर्त थांबवून ठेवला आहे.