गाडीचा पंखा गप्प का असतो?

आज आपण एका पंख्याचा इतिहास बघणार आहोत. छताला टांगलेला पंखा नाही, गाडीच्या रेडिएटरला चिकटून बसलेला. ज्यांच्या घरी पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी आहे त्यांनी जरा कान देऊन ऐका, कारण हा पंखा बंद पडला तर तो कुणाला सांगत नाही. गाडी हायवेवर मस्त पळत राहते. मग टोलनाक्याच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहते आणि टेम्परेचरचा काटा थेट लाल रेषेवर. असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे १८८८ पर्यंत.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. त्या गाडीत पंखा नव्हता. इंजिनभोवतीचं पाणी उकळून वाफ व्हायचं आणि वाफेबरोबर उष्णता निघून जायची. त्यामुळे वाटेत परत परत थांबून पाणी भरावं लागलं. पेट्रोलइतकीच पाण्याचीही तहान!

इंजिनाचा मूळ प्रश्नच हा आहे. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सासुद्धा चाकांपर्यंत पोचत नाही. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, आणि जवळपास तेवढीच पाण्याला वाहून न्यावी लागते. नाही नेली तर इंजिन जाम.

उत्तर सापडलं विल्हेल्म मायबाख यांना. १९०१ मध्ये गाजलेल्या ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आधी १८ लिटर पाणी लागायचं, ते ९ लिटरवर आलं. गाडी हळू चालताना समोरून हवा कमी येते, म्हणून मागे एक छोटा पंखा बसवला. म्हणजे हा पंखा जन्मापासूनच हळू चालणाऱ्या आणि उभ्या गाडीसाठी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढची साठेक वर्षं बहुतेक गाड्यांमध्ये हा पंखा इंजिनच फिरवायचं, बेल्ट लावून. साधं, स्वस्त, डोळ्यांना दिसणारं काम. पण त्यात दोन गोची होत्या. सिग्नलला गाडी उभी, इंजिन हळू, म्हणजे पंखाही हळू. जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच सगळ्यात कमी वारा. उलट हायवेवर समोरून हवा फुकट येतेय, पण हा आपला गरागरा फिरतोय. आणि पंख्याचं गणित बेरकी असतं: वेग दुप्पट केला की ताकद आठपट लागते. ती सगळी इंजिनातून, म्हणजे तुमच्या पेट्रोलमधून.

मग विजेची मोटर का नाही लावली? कारण तेव्हा गाडीत वीज बनवायला डायनामो असायचा, आणि इंजिन आयडलिंगला असताना डायनामो जेमतेम काहीतरी द्यायचा. सिग्नलवर मोठा पंखा लावला असता तर बॅटरीच बसली असती. ही अडचण सोडवली ती गाडीबाहेरच्या एका शोधाने, सिलिकॉन डायोडने. त्याच्यामुळे अल्टरनेटर स्वस्तात शक्य झाला. अल्टरनेटर आधी एसी वीज बनवतो, डायोड तिची डीसी करतात, आणि आयडलिंगलाही कामापुरती वीज मिळते. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून तो सामान्य गाड्यांमध्ये आला.

दुसरा धक्का आला तो इंजिन आडवं झाल्यामुळे. १९५९ ची मिनी आठवा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी जागा वाचवायला इंजिन आडवं बसवलं. पण मग इंजिनाचा शाफ्ट समोर बघायच्या ऐवजी चाकाकडे बघायला लागला. बेल्टचा पंखा समोरच्या रेडिएटरपाशी न्यायचा कसा? त्यांनी रेडिएटरच बाजूला नेऊन ठेवला. इटलीत फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी दुसरी वाट धरली. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये इंजिन आडवं, रेडिएटर समोरच, आणि त्यामागे विजेचा पंखा. शाफ्टशी संबंधच तोडला. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल वाचवणं सगळ्यांनाच भाग पडलं. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच मांडणीच्या वंशातल्या आहेत.

आता मुंबईत या. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, तीही जाकोसा यांच्याच हातची, पण आधीच्या पिढीतली. इंजिन उभं, पंखा बेल्टचा. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली: इंजिन आडवं, पंखा विजेचा. पुढची वीस वर्षं हे दोन्ही जमाने एकाच सिग्नलला शेजारी उभे राहायचे. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस संपली, आणि बेल्टचा पंखा शहराच्या नजरेआड गेला.

त्याच्याबरोबर एक सवयही गेली. बेल्ट ढिला झाला की किंचाळायचा. बोनेट उघडलं की पंखा फिरतोय की नाही ते दिसायचं. विजेचा पंखा मात्र बराच वेळ बंदच असतो, आणि ते बरोबरच आहे. तो बंद आहे तो गरज नाही म्हणून, की मेलाय म्हणून, हे बाहेरून कळत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सायलेंट फेल्युअर म्हणतो. एरर येत नाही, लॉग येत नाही, आणि एक दिवस सगळं एकदम कोसळतं.

म्हणून तपासणी आपणच करायची. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू ठेवा. एसी बंद. काट्यावर नजर. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर गेला की पंखा लागला पाहिजे, आणि काही वेळाने आपोआप थांबला पाहिजे. काटा चढतच राहिला तर लगेच इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत कुकरसारखं प्रेशर असतं.

पूर्ण थंड झाल्यावर आधी कूलंटची पातळी बघा. पातळी कमी असेल तर थर्मो स्विच हवेत राहतो आणि त्याला पाणी तापलेलं कळतच नाही. मग फ्यूज बघा. तो सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, मोटर अडकलीय का ते बघा. त्यानंतर साखळी मधोमध तोडायची. जुन्या गाडीत रेडिएटरला दोन वायरींचा थर्मो स्विच असतो. चावी ऑन करून त्याचं कनेक्टर काढा आणि त्या दोन वायरी एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, संशय स्विचवर. नाही फिरला तर मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या, मध्ये फ्यूज लावून. आता फिरला तर दोष रिले, वायर किंवा अर्थिंगमध्ये. तरीही नाही फिरला तर मोटरच गेली, बहुधा कार्बन ब्रश झिजले. कंप्युटरवाल्या गाडीत मात्र सेन्सरच्या वायरी अशा जोडू नका. आणि पंख्यापासून हात, ओढणी लांब. काही गाड्यांमध्ये तो चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो.

इथे गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "डायरेक्ट करून टाकू, दादा." म्हणजे स्विच बाजूला, चावी फिरवली की पंखा कायम चालू. कधी कधी थर्मोस्टॅटही काढून टाकतात. वाटेत अडकलात तर घरी पोचायला डायरेक्ट ठीक आहे. पण तो कायमचा इलाज नाही. सतत फिरून मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर ओझं पडतं. आणि थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं. सत्तर वर्षांत जे शिकलो ते एका वायरीने पुसून टाकल्यासारखं आहे.

एका छोट्या रिलेपायी इंजिनचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि खर्चाचा आकडा ऐकून घरचे म्हणतात, जाऊ दे, भंगारात काढू. कितीतरी चांगल्या गाड्या अशाच गेल्या. तेव्हा या रविवारी दहा-पंधरा मिनिटं काढा. गाडी नुसती उभी करून चालू ठेवा आणि पंख्याची वाट बघा. हा पंखा उभ्या गाडीसाठीच बनलाय, त्याची परीक्षाही उभ्या गाडीतच होते. घाटात ट्रॅफिकमध्ये घेण्यापेक्षा ती घराखाली घेतलेली बरी.

चला, भेटू पुढच्या भागात!