मीठ, पाणी आणि पटकी

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात पुलगावला लागून असलेले नाचणगाव समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, आणि 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचण्यापूर्वी या मुलखात मीठ यायचे ते बहुतांशी वंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून. जे मीठ घराघरांत इतके जपून वापरले जाई, तेच शरीरातून काही तासांत वाहून नेणारा रोग म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा; तो कशाने मारतो हे वैद्यकाला फार उशिरा उमगले.

रोग मात्र परिचयाचा होता. मराठी-कोकणीतला ‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगिजांनी उचलला आणि गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याच नावाने या रोगाचे वर्णन केले. वऱ्हाड-वर्ध्याकडे पोट बिघडल्यावर मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील किंवा पेज देण्याची रीत होती, आणि त्यांत पाणी, मीठ व पिष्ट एकत्र येत असल्यामुळे ती रीत पुढे ठरलेल्या शास्त्राच्या बरीच जवळ होती. तथापि पाणी पाजले की जुलाब वाढतात, या समजुतीने तहानेने व्याकूळ झालेल्या रोग्याला कोरडे ठेवण्याची चालही होतीच. आणि युरोपीय डॉक्टरही एकोणिसाव्या शतकात अशा रोग्यांचे रक्त काढत व त्यांना पाऱ्याचे क्षार देत असल्याने, या बाबतीत केवळ खेड्यातल्या माणसाला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

1831 साली विल्यम ओशॉनेसी याने (हाच पुढे भारतात तारायंत्र आणणारा) पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी, क्षार आणि अल्क घटल्याचे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा याने शिरेतून मीठ-पाणी देऊन मरणासन्न रोगी शुद्धीवर आणले. एवढे हाती असूनही ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी तीव्र मीठ-पाण्याने सुमारे 60 टक्के असलेला मृत्युदर जवळपास निम्म्यावर आणला, तरी जगवलेल्यांपैकी काही रोगी पुढे लघवी बंद होऊन, जोरजोराने खोल श्वास घेत दगावत.

त्या श्वासाचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. निरोगी रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप, 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक आम्लाला शमवतो, फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडे उरलेला हिशेब सांभाळतात. पटकीच्या जुलाबात बायकार्बोनेट आणि पोटॅशियम दोन्ही जातात, रक्ताची आम्लता वाढते आणि शरीर वेगाने श्वास घेऊन ती आम्लता कमी करू पाहते. नुसत्या मिठाने पाणी व सोडियम भरून निघते, आम्लता मात्र जात नाही, म्हणून 1910 च्या सुमारास उपचारात सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, आला. पोटॅशियमचे महत्त्व तर 1940 च्या दशकात ठसले. ते घटल्यास हातपाय लुळे पडतात, पोट फुगते, हृदयाची लय बिघडते.

1939 साली, वर्ध्याजवळचे सेवाग्राम अजून शेगाव म्हणूनच ओळखले जात असताना, तरुण डॉक्टर सुशीला नायर यांनी वर्ध्यात उद्भवलेली पटकीची साथ जवळजवळ एकहाती हाताळली. पुढे सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय आणि 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शिरेतून सलाइन देण्यास निर्जंतुक बाटल्या आणि शिकलेले हात लागत, आणि रुग्णालयापासून दूरच्या गावांना त्यांचाच तुटवडा होता.

ही अडचण आतड्याच्या अभ्यासाने सुटली. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात व मागोमाग पाणी ओढतात, आणि हे दार पटकीतही उघडेच राहते. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी दर लिटर पाण्यासाठी 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधवल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली गेली, आणि रोग्याचे नातेवाईकच पेल्याने ते पाणी पाजू लागले. मृत्युदर 3.6 टक्क्यांवर आला. मराठीत या मिश्रणाला ‘जलसंजीवनी’ हे सुंदर नाव मिळाले.

पुढे पुडीत पोटॅशियम आले. दमट हवेत सोडा टिकत नसल्याने 1984 साली त्याची जागा सायट्रेटने घेतली, ज्याचे शरीर स्वतःच बायकार्बोनेट बनवते. आणि 2002 साली मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आले. पुडी बदलत गेली तरी परिचारिकेची तपासणी तशीच राहिली: पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडायची व ती किती सावकाश खाली बसते ते पाहायचे, श्वास मोजायचा, प्यालेले पाणी आणि झालेली लघवी यांची नोंद ठेवायची, आणि लघवी सुरू झाल्याखेरीज शिरेतून पोटॅशियम जाऊ द्यायचे नाही, कारण मूत्रपिंड बंद असताना तेच रक्तात साचून हृदय थांबवते. घरी पुडी देतानाही परिचारिका आधी घरातले भांडे मागते आणि एक लिटर पाणी त्यात नेमके कुठपर्यंत येते ते बोट ठेवून दाखवते.