तेरावा म्हणजे नेमका कितवा?
दत्तू भोकनळची गोष्ट ठरलेली: चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा, विहिरी खोदणारा पोरगा 2012 मध्ये सैन्यात गेला आणि तिथं वल्हवायला शिकला. खरीच आहे. आम्हा करमाळेकरांना, उशाला उजनी अन् घशाला कोरड असल्यानं, ती भिडतेच. पण संशोधन करायचं तर निकालपत्रकही वाचा. रिओ 2016 मध्ये तो तेरावा. नुसता आकडा फसवतो बरं का! उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला. पदकाच्या वाटेवर पहिले तिघंच राहिले. मग 13 ते 18 क्रमांकांची अंतिम शर्यत त्यानं 6 मिनिटं 54.96 सेकंदांत जिंकली. म्हणून तेरावा. पुढं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण मात्र एकट्याचं नव्हतं. नावेत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंगही होते.