पिवळ्या माशीचं नाव कोण ठरवतं?

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात काकडी किडते, उन्हाळ्यात वाडीतल्या आंब्यात अळ्या निघतात. दोन्हीकडे आपण म्हणतो, 'फळमाशी पडली'. पण काकडीवर आणि आंब्यावर सहसा सापडणाऱ्या माश्या वेगळ्या प्रजातींच्या असतात.

भिंगाखाली बघा. पाठीवर पंखांच्या मधल्या भागात तीन पिवळे पट्टे आणि पंखाच्या टोकाला तपकिरी डाग दिसला, तर ती वेलवर्गीय भाज्यांवरची झुगोडॅकस कुकुरबिटी. कोक्विलेट यांनी 1899 मध्ये हवाईच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. पट्टे दोनच, पोटावर इंग्रजी 'टी'सारखी काळी खूण आणि पंखाच्या कडेला बारीक पट्टी असेल, तर बहुधा आंब्यावरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. तिचं वर्णन हेंडेल यांनी 1912 मध्ये केलं, तेही तैवानच्या नमुन्यांवरून.

एवढे पट्टे मोजून काय मिळतं? याचं उत्तर बिहारमधल्या पुसा इथे सापडतं. 1912 च्या सुमारास तिथे हॉवलेट यांच्या लक्षात आलं की सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे फक्त नर येतात. 1915 पर्यंत त्यांनी त्यातलं मिथाईल युजेनॉल ओळखलं. आजही आंब्याच्या सापळ्यात तेच असतं. पण काकडीवरच्या माशीचे नर त्याकडे फिरकत नाहीत, त्यांना क्यू-ल्यूर लागतं. म्हणजे ओळख चुकली की सापळा रिकामा, आणि शेतकऱ्याचे पैसे वाया!

आता 'बहुधा' का म्हटलं ते सांगतो. 1994 मध्ये ड्र्यू आणि हॅनकॉक यांनी डॉर्सॅलिससारख्या दिसणाऱ्या माश्यांचा गट तपासून 52 प्रजाती मांडल्या. 2003 मध्ये केनियात सापडलेल्या माशीला 2005 मध्ये 'इन्वाडेन्स' हे वेगळं नाव मिळालं. मग बाह्यरूपासोबत डीएनए, संकर आणि गंधरसायनं तपासली गेली, आणि 2015 मध्ये ती डॉर्सॅलिसच ठरली. मधली दहा वर्षं एकाच किडीची दोन नावं चालू होती.

हे फक्त कागदावरचं भांडण नाही. फळमाश्या वारंवार सापडल्याने युरोपीय संघाने मे 2014 पासून भारतीय आंबा, कारली, पडवळ, वांगी आणि अळू रोखलं होतं. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली.

संशोधनाला लागाल तेव्हा एवढं करा. नमुन्यावर नावाआधी गाव, तारीख आणि कोणत्या फळातून निघाला ते लिहा. नाव उद्या बदलेल, पण ही चिठ्ठी नसेल तर तो नमुना पुन्हा तपासून काहीच हाती लागणार नाही.