आपला कचरा, आपले हात



'सस्टेनेबल लाइफस्टाइल' हे शब्द हल्ली घरोघरी ऐकू येतात. कुणाची नात बाल्कनीत कंपोस्ट करते, कुणाची सूनबाई कापडी पिशवीशिवाय बाहेर पडत नाही. कौतुकच आहे. पण माझा सगळा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे मनात प्रश्न येतो तो असा की, आपली घाण आपण निस्तरायची ही सवय आपल्याकडे आली कुठून? शोधायला गेले तर कळते की हा इतिहास झाडापानांपेक्षा माणसांचा जास्त आहे.

सुरुवात आपल्याच रायगड जिल्ह्यातून करू. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळे सर्वांना माहीत असते. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगू नका. आणि परिषदेने सवर्णांना आवाहन केले की तुमची मेलेली गुरे तुम्हीच पुरा. शाळेत हा ठराव शिकवताना मी नेहमी थांबत असे. कारण एकाने ओझे खाली ठेवले की दुसऱ्याला ते उचलावे लागते, हा साधा हिशेब त्यात आहे.

तो हिशेब कोकणातल्या एका माणसाने मनावर घेतला. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी संडास साफ करण्याचे काम मागितले. परवानगी मिळेना, कारण तुरुंगातही ते काम जात बघून दिले जाई. अप्पांनी निषेध म्हणून अन्न कमी केले. ही बातमी येरवड्यात गांधीजींना कळली तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही सहानुभूतीचे उपोषण सुरू केले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते लवकरच सुटले. विचार करा, झाडू हातात घेण्याच्या हक्कासाठी उपोषण!

पुढे १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याचे खत, शेणापासून गॅस, मेलेल्या जनावराचे कातडे सोडवून चामड्याच्या वस्तू, असे उद्योग तिथे चालत. ब्राह्मण घरातला हा माणूस स्वतः कातडी सोडवायला बसे. त्या काळी गावात त्याची काय प्रतिक्रिया झाली असेल, ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. आज आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो ते सगळे तिथे होते, फक्त पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. प्रश्न होता तो माणसाच्या डोक्यावरची टोपली कशी उतरेल याचा.

विनोबांचे तर आणखी साधे. १९४६ च्या सुमारास ते पवनारहून तीनेक मैलांवरच्या सुरगावला रोज फावडे खांद्यावर टाकून मैला साफ करायला चालत जात. एक दिवस फोटोपुरते नव्हे, १९४८ पर्यंत! गाडगेबाबा गावात शिरले की कीर्तनाआधी खराटा हातात घेत. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, तेव्हा अनेक गावांनी प्रथमच स्वतःचे रस्ते स्वतः झाडले.

इथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. सफाईच्या कामाला पवित्र म्हणण्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कडक टीका केली होती. ज्याला ते काम जन्माने चिकटले आहे त्याला त्याची थोरवी सांगणे ही क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. म्हणूनच अप्पांचे मोठेपण काम करून दाखवण्याइतकेच ते काम करण्याची पद्धत बदलण्यात आहे. डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी घालणारा कायदा यायला मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि २०१३ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला.

त्याच १९९३ मध्ये पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र मिळाले. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच त्यांनी शहराकडे मागणी केली. एक लाल ठिपका, की उघडणाऱ्या हाताला आत काय आहे ते कळावे.

आता आमचे खारघर. रस्ते रुंद, इमारती उंच, मागे डोंगर. ओला आणि सुका कचरा वेगळा करा हे २०१६ च्या नियमांनी सांगितले, आणि त्याच वर्षी आमची पनवेल महापालिकाही झाली. आमच्या सोसायटीत रंगीत डबे आले. मागच्या पावसाळ्यात कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. म्हटले, "काय झाले हो?" म्हणाल्या, "काही नाही बाई, कुणीतरी सुक्यात ब्लेड टाकलं होतं." इतक्या सहज म्हणाल्या की मलाच पुढे बोलवेना.

तेव्हापासून आमच्या घरी ब्लेड, फुटकी काच, सुया एका जुन्या डब्यात जातात आणि वर मोठ्या अक्षरात 'काच' असे लिहिते. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवते. भाजीची देठे, साली कुंडीत. फार थोडे आहे हे. यामुळे पृथ्वी वाचेल की नाही ते मोठ्या माणसांनी ठरवावे. पण आपण टाकलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातातून जाते, हे डबा बंद करताना आठवते, आणि महाडचा तो ठरावही आठवतो.

तुमच्या घरी काय करता? गावाकडच्या जुन्या पद्धती कुणाला आठवत असतील तर जरूर लिहा. पुतण्या-भाच्यांनी विशेष लिहावे, तुमच्या सोसायट्यांचे मला ऐकायचे आहे.