मुंबई जळाली तेव्हा भिवंडी शांत कशी राहिली?

राज्यशास्त्रात एम.ए. करणारा एक तरुण मध्यंतरी भेटायला आला. प्रबंधाचा विषय त्याने ठरवून टाकला होता, ‘भारतातील हिंदू-मुस्लिम दंगलींची कारणे’. ब्रिटिशांची फोडा-झोडा नीती, फाळणी, धर्मांध संघटना, बेरोजगारी, अफवा अशी प्रकरणांची यादीही तयार होती. मी विचारले, “ही कारणे तर देशभर आहेत. मग दंगल सगळीकडे का होत नाही?” तो म्हणाला, “सर, असा विचार केला नव्हता.”

आपल्यापैकी बहुतेकांनी तो केलेला नसतो. दंगल झाली की कारणे शोधायला सगळे धावतात. जिथे ती झाली नाही, त्या गावाकडे कोणी फिरकत नाही. विषय आणि संशोधनाचा प्रश्न यांत फरक आहे, तो इथे. ‘दंगली’ हा विषय झाला. एकसारख्या वाटणाऱ्या दोन ठिकाणी वेगवेगळे का घडले, हा प्रश्न झाला. जे घडायला हवे असे वाटत होते ते घडले नाही, तर तिथे कोडे आहे असे समजावे.

आशुतोष वार्ष्णेय यांनी नेमके हेच केले. स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासोबत त्यांनी १९५० ते १९९५ या काळातील दंगलींच्या वृत्तपत्रीय बातम्यांची मोजदाद केली. त्यातून दिसले की एकूण बळींपैकी सुमारे ४६ टक्के अवघ्या आठ शहरांतले आहेत. या शहरांत देशाच्या शहरी लोकसंख्येपैकी १८ टक्केच लोक राहतात. खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे ‘हिंदू-मुसलमान एकत्र आले की भांडणारच’ हे म्हणणे आकड्यांपुढे टिकत नाही. वार्ष्णेय यांनी मग शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढ आणि कालिकत या दोन्ही ठिकाणी मुस्लिमांचे प्रमाण जवळपास सारखे. मलबारमध्ये तर १९२१चा रक्तरंजित मोपला उठाव होऊन गेलेला. तरीही दंगलींसाठी नाव झाले ते अलीगढचे. त्यांचे उत्तर असे की, व्यापारी संघटना, कामगार संघटना, पक्ष यांत दोन्ही समाज एकत्र असतील तर अफवा वेळीच अडवली जाते. नुसता शेजारधर्म मोठ्या शहरात पुरत नाही.

असेच कोडे आपल्या दाराशीही आहे. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली. १९८४ साली ती पुन्हा पेटली आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मात्र मुंबईत ९०० माणसे मेली आणि भिवंडी शांत राहिली. भिवंडीत पोलीस उपायुक्त राहिलेले सुरेश खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच आहे, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ संशोधनाचा प्रश्न कसा असावा, हे त्या एका ओळीवरून शिकता येते.

आता उत्तरे तपासू. कोणी म्हणेल, यंत्रमागांमुळे मालक, कामगार, सूत व्यापारी एकमेकांवर अवलंबून होते, म्हणून शांतता टिकली. पण यंत्रमाग १९८४ सालीही होते. जी गोष्ट दोन्ही वेळी होती, ती फरकाचे कारण एकट्याने ठरू शकत नाही. विल्किन्सन यांचे म्हणणे वेगळे आहे. राज्य सरकारला मतांसाठी मुस्लिमांची गरज असेल तर पोलीस दंगल रोखतात, असे ते सांगतात. राज्याराज्यांतला फरक यातून बराच उलगडतो. पण मुंबई आणि भिवंडीवर सरकार एकच होते. मग १९८४ नंतर भिवंडीत बदलले काय? खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्या. पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतले साधे लोक त्यांत होते. पोलिसांसोबत ते नेमाने बसत आणि किरकोळ तंटे तिथेच मिटवत. दंगलीनंतर जमवलेल्या शांतता समितीत आणि यात फरक हाच की, ही माणसे संकटाच्या आधीपासून एकमेकांना ओळखत होती.

अर्थात इथेही थांबता येत नाही. दोन दंगलींत होरपळलेल्या शहराची ती दहशतही असू शकेल, पोलिसांच्या वागणुकीतला फरकही असू शकेल. चांगला प्रश्न आपल्या आवडत्या उत्तरालाही सूट देत नाही.

मुस्लिम समाजासाठी हा नुसता अभ्यासाचा मामला नाही. ‘दंगल होणारच’ असे एकदा मानले की प्रशासन सुटते, दंगेखोर सुटतात आणि आपल्या हाती फक्त शोकसभा आणि निवेदने उरतात. ‘ती तिथे का झाली नाही?’ असे विचारले की कोणी काय केले, कोणी काय केले नाही, याचा हिशेब मागता येतो.

तो तरुण परत आला तेव्हा त्याने विषय बदलला होता. आपल्याच जिल्ह्यातली दोन गावे त्याने निवडली होती. एकात मिरवणुकीवरून दोनदा संचारबंदी लागली, दुसऱ्यात एकदाही नाही. “आधी कुठल्या गावात जाऊ?” त्याने विचारले. मी म्हणालो, जिथे काहीच घडले नाही तिथे.